तेलानं निसटलेली पट्टी

पद्मिनी,

अखेर शासनानं माझ्या हृदयाची दखल घेतली होती. ती काल करडईच्या तेलानं निसटून पडली.

मी एसटीनं धाराशिवला, सरकारी विम्याच्या खिडकीवर चाललोय. सरकारी विम्यातून छातीवर चिकटवलेली पट्टी दोन आठवडे ठोके टिपणार होती, आणि तू मध्येच मालिश केलीस. “मशिनीला बी वंगण लागतंच की,” म्हणालीस. बोलणं बिनचूक होतं, मशीन तेवढी वेगळी निघाली.

विम्यात दुसरी पट्टी बसते का, ठाऊक नाही. दवाखान्यात आडवं पडलेलं हृदय विमेवाल्यांना लगेच समजतं. माझं चालता-बोलता अडखळतं, आणि डॉक्टरांपुढं बसलं की तपासणीच्या दिवशीच्या शाळेसारखं गुमान वागतं. म्हणून तर पट्टी हवी. नाहीतर मागच्यासारखा विहिरीजवळ चक्कर येऊन पडेन, आणि कारण तेव्हाही कळायचं नाही.

तेल मीच चोळलं असं सांगणार आहे. जन्मभर थट्टा लिहिलेल्या माणसाकडून त्यांना दुसरी अपेक्षाही नसेल. तिकडून फोन आला तर तू नुसतं “व्हय” म्हण.

रात्री तू माझ्या छातीला कान लावून बसली होतीस. मी झोपेचं सोंग घेतलं. तुझ्या कानाला विम्याची मंजुरी लागत नाही, पण त्याचा कागद निघत नाही, एवढीच अडचण आहे.

पट्टी पडल्यापासून उपाशी आहेस. दुरडीत भाकरी आहे, खाऊन घे. आणि मला मीठ नको म्हणून लोणच्याची बरणी कुठं लपवलीस ते या चिठ्ठीखाली लिहून ठेव. सगळे डबे उघडून पाहिले, सापडली नाही.

बलभीम