मागच्या टेबलाचा पाव फेरा

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

झालं! शेवटी बोटांचंच निघालं. अकोट्याच्या डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला लावले. 'सुई लागतेय का?' – 'लागतेय.' डॉक्टरांनी सुई टेकवलीच नव्हती! साखरेनं बोटांची टोकं बधिर केलीत. जाडंभरडं कळेल, बारीक कळणार नाही.

येताना स्कूटरवर पुलावर मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, 'पाठीला कळतंय बरं अजून.' हसू की रडू, कळेना.

१० सप्टेंबर, बुधवार

कुणालचा पुण्याहून फोन. 'बाबा, आता ते करवतीचं मशीन विका. एखाद्या दिवशी बोट जाईल.' पोरगा काळजीनंच बोलला. हे म्हणाले, 'दसऱ्याला सानवीच्या अभ्यासाच्या टेबलाची पहिली फळी कापणार. त्याआधी माझ्या नखाला सांधा कळेनासा झाला, तर मीच देऊन टाकीन. शब्द!'

नातीचं टेबल, आणि त्यावर शब्द. ह्यांचा शब्द म्हणजे कठीणच. एकदा रागानं श्रीखंड सोडलं, ते पंधरा वर्षं झाली, सोडलेलंच आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मशीन म्हणजे आमच्या गोत्रीच्या घराचं पार्किंगच. गाडी बाहेर उन्हात, करवत आत सावलीत! मकरपुऱ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनवण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर हे घरी आणलं. ओतीव बिडाचं जड टेबल, मधोमध पातं. त्याच्या मागे ह्यांनी स्वतः बनवलेलं दुसरं, लाकडी टेबल, कापलेली लांब फळी पुढे सरकत त्यावर जावी म्हणून. दोन्ही अगदी एका पातळीत हवीत. मागचं केसभर वर असलं तर फळी ठेचकाळते, माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की हात पात्याकडे जातो. खाली असलं तर फळी शेवटी झुकते, काप बिघडतो. हे सगळं मी लग्नातल्या मंगलाष्टकांपेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

रोज चहानंतर हे अंगठ्याचं नख दोन टेबलांच्या सांध्यावरून फिरवतात. अडलं नाही तर पातळी बरोबर. पट्टी, फट मोजायचा फिलर, सगळं आहे कपाटात. पण टूलरूमचा माणूस आधी नख लावणार!

आज फिरवलं. 'बराबर आहे!' आणि आत गेले.

झाडता झाडता मी सहज माझं नख फिरवलं. अडलं.

पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. जन्मभर फुलवाती वळल्यात मी, कापसाचा एक तंतू जास्त झाला तरी बोटाला समजतं. अडतच होतं. सांगितलं तर ह्यांचा शब्द उभा राहणार. नाही सांगितलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष चालू आहे, त्यामुळे नवं काम नाही, लाकूड कापायचं नाही, दसऱ्यापर्यंत फक्त सेटिंग. देव पावल्यासारखं वाटलं मला हे. मला वेळ मिळाला.

दुपारी हे झोपल्यावर पाना घेऊन टेबलाखाली शिरले. टेबलाच्या चारी पायांना खाली बोल्ट असतो, तो फिरवला की पाय वर-खाली होतो. हे नेहमी पुटपुटतात, 'पाव फेरा, जास्त नाही.' मी घातला अख्खा फेरा! टेबल एका बाजूनं इतकं वर गेलं की नख कशाला, बांगडीसुद्धा अडली. अर्धा तास खटपट. गुडघे बोंबलले. पण शेवटी जमलं – नख तुपासारखं सरकलं!

संध्याकाळी म्हणाले, 'पदराला काळं काय लागलंय?' – 'कढईचं.' वर्षानुवर्षं ह्या माणसाशी खोटं बोलले नव्हते. निदान कढईवरून तरी नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

परत अडलं! आज डावा कोपरा. हे टेबल आहे का द्वाड कार्टं?

१६ सप्टेंबर, मंगळवार

उजवा कोपरा. पाव फेरा. दहा मिनिटांत झालं. शाबास मी!

१८ सप्टेंबर, गुरुवार

फरशी खचत असेल का? की शेजारच्या हंसाबेनच्या गाडीचा धक्का बसतो भिंतीला? रोज कुठून ना कुठून हलतंच. आणि रोज सकाळी ह्यांचं तेच – 'बराबर!' आवाज मात्र काय खणखणीत. ह्यांना काहीच कळत नाहीये, आणि मला सगळं कळतंय.

मी घेवडा निवडत बसले होते. हे मशीनपाशी आपल्याशीच मोठ्यानं, 'एक कोपरा वर असेल तर एकच पाय. पण अख्खी कडच वर असेल तर दोन्ही पाय सारखे फिरवायचे, एक नाही.' मला थोडंच सांगत होते! मशीनला सांगत होते. पण बरं झालं, दुपारी नेमकी अख्खी कडच वर होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हंसाबेननं पकडलं! मी टेबलाखाली, पाय बाहेर. 'भाभी, शुं खोवायुं?' काय हरवलं विचारते. म्हटलं, कानातलं. ती बिचारी पण खाली वाकून शोधायला लागली! दोघी म्हाताऱ्या भुशात. शेवटी मीच कानातलं काढून 'मिळालं!' केलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. खीर छान झाली होती. कुणालनं गिऱ्हाईक बघितलंय, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार. हे म्हणाले, 'येऊ दे.' एवढंच. मी खीर वाढायची विसरले.

मला हे मशीन कधी आवडलं नाही, खरं सांगते. आवाज, केसात भुसा, पोह्यांतसुद्धा भुसा. पण हे त्याच्यापुढे उभे राहिले की पाठ ताठ होते, पंचेचाळिशीतले दिसतात. ते गिऱ्हाईक मशीन नाही, ह्यांची ती पाठ घेऊन जाणार.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. ह्यांनी आधी चौरंगावर लेव्हल ठेवून बुडबुडा पाहिला! 'देवी तिरकी नको बसायला.' गुरुजी बघतच राहिले. मी पदरात हसले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज मी जायची विसरले, वातींत गुंतले होते. चहाच्या वेळी हे दोनदा म्हणाले, 'पार्किंग झाडलं नाहीस वाटतं?' झाडायची एवढी काळजी कधीपासून! धावत गेले. दोन कोपरे होते. केले.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस जातच नाही. मैदानावर चिखल, गरबा बंद. हवा इतकी दमट की साखर ओली. ह्यांची साखर नाही, डब्यातली!

ह्यांचा हात हातात घेऊन बसले होते. अंगठ्याच्या टोकावरून माझं नख हलकेच फिरवलं. 'कळतंय?' म्हणाले, 'तू आहेस एवढं कळतंय.'

बेचाळीस वर्षांत असं बोलले नव्हते. ओशाळून लगेच बातम्या लावल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. ह्यांच्या पणजोबांची सरकारी फौजेतली तलवार थोरले दीर धनाजीरावांकडे, तिची पूजा तिकडे. आमच्याकडे करवतीची! झेंडूची माळ, पात्याला कुंकू. आज हत्यार विसावा घेतं, त्याला कुणी हात लावायचा नाही. ह्या घरात हा नियम तलवारीच्या काळापासून चालत आलाय. काल दुपारी मी सांधा नीट करून ठेवला, सकाळी ह्यांनी पानासुद्धा पूजेत मांडला. म्हणजे आज मलाही सुट्टी. पार्किंगला कुलूप, किल्ली देवापाशी.

उद्या पहिली फळी. परवा गिऱ्हाईक. देवी, आज एक रात्र ते टेबल हलू देऊ नकोस.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सागाची फळी तयार. मशीन सुरू करायच्या आधी हे बाजूला सरकले. नख लावलंच नाही. म्हणाले, 'तू बघ.'

फिरवलं. 'अहो... अडतंय. उजवीकडे. केसभर वर. पावसानं फुगलं असेल.'

हे इतके हसले, इतके हसले की डोळ्यांत पाणी.

'काल खंडेनवमी होती. रोज मीच फिरवायचो, पण काल मी बोल्ट फिरवला नव्हता.'

पान्यावर अजून कुंकू होतं. मीच घातला पाव फेरा, ह्यांच्या डोळ्यांदेखत. मग ह्यांनी कुणालला फोन लावला, 'शब्द पाळला, मशीन देऊन टाकलं. गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग. मशीनला नवीन माणूस मिळालाय.'