भिंतीआडच्या पिंपाची ब्रँडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा ब्रँडी गाळण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री हवी तर डॉक्टरांना विचारा. परवा त्यांच्यादेखत चार पिंपांचा नुसता वास घेऊन चारींची वर्षे मी बरोबर सांगितली. त्यांनीही एकाचा अंदाज केला, तो साफ चुकला.

१. भट्टीघर, तांब्याची भट्टी आणि तळघरातली पिंपे माझ्या थोरल्या मुलीला मिळावीत. गाळताना पहिली उग्र धार कधीपर्यंत टाकून द्यायची आणि मधली, पिण्याजोगी, कुठे धरायची, हे तिला नाकाने कळते. धाकट्याला बाराही महिने सर्दी. त्याने वाईट वाटून घेऊ नये. राहते घर त्याचे, आणि माझी आरामखुर्चीही, जिच्यावर तो लहानपणापासून डोळा ठेवून आहे.

२. बँकेतली शिल्लक दोघांत निम्मीनिम्मी. भांडण्याइतकी ती नाही.

३. पितळी दांड्याची हातोडी पिंपवाल्या सुताराला परत द्यावी. सतरा वर्षांपूर्वी तो ती इथे विसरला. मी मुद्दामच आठवण केली नाही. हातोडी फार चांगली आहे.

४. आता भिंतीआडच्या पिंपाविषयी. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, द्राक्षे उतरली त्याच आठवड्यात माझे पती शिडीवरून पडले आणि मांडीचे हाड मोडून बसले. रस आंबून तयार होता, तो कोणासाठी थांबणार? माझे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही स्वयंपाकघर बघा. हा माल आहे तसा विकून टाकू." मी पदर खोचला आणि भट्टी पेटवली. अकरा दिवस गाळत होते. हे खाटेवरून ओरडायचे, "धार कशी आहे गं?" मी वाटीत थोडी नेऊन त्यांच्या नाकाखाली धरायची. अकराव्या दिवशी म्हणाले, "आता मला विचारू नकोस."

दोन वर्षांनी दिरांनी तीच ब्रँडी करपवलेल्या साखरेने रंगवून जुनी म्हणून विकायला काढली. सुताराला हाताशी धरून मी एक पिंप तळघराच्या कोपऱ्यात सरकवले आणि पुढे, हवेला फट ठेवून, भिंत घालून घेतली. मोजताना एक पिंप कमी भरले. दीर मला चोर म्हणाले, मी त्यांना लबाड म्हटले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे एकाच अंगणात राहून आम्ही जे काही बोललो ते थोरलीच्या तोंडून.

गेल्या महिन्यात भिंत फोडली. पिंपात निम्मीच उरली होती, बाकीची हवेने प्यायली. दोन ग्लास भरून मी अंगण ओलांडले. भावोजींनी वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसले.

"वहिनी, ही मी विकणार होतो?"

"साखर घालून."

"गाढव होतो मी."

"होतात, भावोजी."

"आणखी आहे का?"

५. हे पिंप भावोजींच्या नावे करायचे मी ठरवले होते. वकीलबाई म्हणाल्या, मग त्यांना साक्षीदार होता येणार नाही, दोन्हींतले एकच. भावोजींनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, "पिंप राहू दे. मला सही करायचीय." म्हणून हे पिंपही थोरलीकडेच जाईल. मात्र मी अजून मेलेले नाही, आणि माझ्या मालाचे मी जिवंतपणी काय करते हे मृत्युपत्रात लिहावे लागत नाही. आम्ही दोघे रोज संध्याकाळी एकेक ग्लास घेतो. थोरलीने फार आशेवर राहू नये.

हे लिखाण मी वाचून पाहिले, पटले, आणि न थरथरता सही केली.

ठिकाण: भट्टीघर, खिडकीजवळचे टेबल. तारीख वकीलबाईंनी शिक्क्यात घातली आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) डॉक्टर

साक्षीदार २: (सही) दीर. त्या वर्षीची ब्रँडी वहिनींनी एकट्यांनी गाळली. मी दारात उभा राहून पाहत होतो. तेव्हा हे कोणाला सांगितले नाही, आज लिहून देत आहे.