बा, तुला जमले असते असे खेळ

बा, तुझ्या ओळखीचं आता या वणीत कोणी उरलं नाही, म्हणून तुलाच सांगतो. मला विसरायला होऊन राहिलं आहे. तुला झालं होतं तेच हे आहे, की म्हातारपणी सगळ्यांचं होतं तेवढंच, हे कळत नाही आणि त्या धास्तीनं घास उतरत नाही. पंधरा दिवसांमागं दूध घेऊन घरी निघालो आणि बाजाराच्या चौकात थांबलो. सगळे रस्ते ओळखीचे होते, पण त्यातला आपल्या घराचा कोणता ते काही केल्या सुचेना. पानठेलेवाल्याला विचारायची लाज वाटली. चप्पल तुटल्याचं सोंग करून ओट्यावर बसलो. थोड्या वेळानं रस्ता आपोआप आठवला. घरी पोरीनं उशीर काहून झाला विचारलं, तर म्हटलं, गर्दी होती.

पोरगी म्हणजे तुझी नात. तू गेलास तेव्हा ती रांगत होती, आता कॉलेजात कंप्युटर शिकवते. घरातला जुना कंप्युटर चालेनासा झाला होता, त्यात तिनं लिनक्स टाकलं आणि वर खेळ टाकून दिले. लिनक्स म्हणजे काय ते मला पुरतं समजलेलं नाही, मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. एवढं कळलं की दमलेल्या मशीनलाही ते ओढून नेतं, फुकट मिळतं आणि कोणा एकाच्या मालकीचं नाही. या खेळांत मधेच जाहिरात येत नाही. मोबाइलवर खेळताना भलतीकडे बोट लागून काही बिघडेल का म्हणून माझा जीव वरखाली होतो, तसं इथं होत नाही. तू असतास तर मीच तुला या खुर्चीवर बसवलं असतं आणि कोणता खेळ घ्यावा, कोणता घेऊ नये, ते सांगितलं असतं.

आधी एकट्यानं लावायचे पत्ते. खाणीतली पाळी सुटल्यावर कँटीनमागं तू पत्ते कुटायचास, तुझा हात लगेच बसला असता. यात डाव चुकला तर मागं घेता येतो. मला तेवढीच एक गोष्ट खरी आवडते. मग चित्रांच्या जोड्यांचा खेळ. चित्रं पालथी असतात, एक उघडायचं आणि त्याच्यासारखं दुसरं कुठं पाहिलं ते आठवायचं. हा खेळ चांगला आहे, पण मी तो चोरून खेळतो, पोरगी कामावर गेल्यावर. जोडी लागली की बरं वाटतं, नाही लागली की खेळ बंद करून टाकतो. सुरुंगांचा खेळ मात्र घेऊ नको. चौकोनांखाली सुरुंग पुरलेले असतात आणि कधीकधी नुसत्या अंदाजानं पाय टाकावा लागतो. स्फोटानंतर ब्लास्टिंगवाला हो म्हणेपर्यंत खाणीत कोणी उतरायचं नाही, ही तुझी शिकवण. मी तो खेळ एकदाच उघडला आणि उठून पाणी प्यालो.

गाड्यांच्या शर्यतीचा खेळ छान आहे. लिनक्सची खूण असलेला तो गलेलठ्ठ पेंग्विनच त्यात गाडी हाकतो. पण मी दरवेळी शेवटी येतो. पोरगी मागं उभी राहून हसते. "बाबा, काहून थांबले? घ्या ना समोर!" मी म्हणतो, "चढावर ओव्हरटेक नसते करत." ती म्हणते, "अवो, हा खेळ होय, खाण नाही. तुमाले कोन सस्पेंड करून राह्यलं?" तिला काय सांगू? तुझ्याच खाणीत डंपरवर नवीन लागलो तेव्हा मी चढावर एका गाडीला मागं टाकलं होतं. तू तुझी गाडी वर लावून उतरलास आणि सगळ्यांसमोर मला झापलंस. "समोरचा दिसते तुले. त्याच्या समोरचा दिसते काय?" अजून तो पेंग्विन दुसऱ्या गाडीच्या शेपटीला आला की माझं बोट आपोआप बटणावरून उठतं.

आणि सगळ्यांत तुझ्यासारख्यासाठी आहे तो रेल्वेचा खेळ. त्यात चक्क कोळशाची खाण असते. तिथून वीजघरापर्यंत रूळ टाकायचे, गाडी भरायची, पाठवायची. घाई नाही, कोणी मरत नाही. हाच खेळ मी गेल्या आठवड्यात उघडला, तर खाणीपासून नदीपल्याड एक नवीन लाईन गेलेली. पूल बांधलेला, वळणावर सिग्नल लावलेला, काम नीट होतं. मी पोरीला म्हटलं, "हे तू केलं काय? माह्या खेळात हात नको घालू." ती पोळ्या करत होती. तिनं तवा खाली उतरवला. म्हणाली, "बाबा, काल संध्याकाळी तुमीच केलं. मले बोलावून दाखवलं. पूल पाहा म्हणे."

मला काहीच आठवेना. स्क्रीनकडे बघत राहिलो. गाडी त्या पुलावरून जात होती, येत होती.

ती माझ्याजवळ येऊन बसली. "मले माहीत आहे बाबा. त्या दिवशी तुमी चौकात बसले होते, मी स्कुटीवरून पाह्यलं. त्याच्या आधीही मले डाउट होता. जोड्यांचा खेळ मी उगाच नाही टाकला." म्हणजे मी लपवत होतो आणि ती माझं लपवणं बघत होती. सोमवारी नागपूरला डॉक्टरकडे जायचं तिनं ठरवलं आहे. मी हो म्हटलं.

बा, तुझ्या वेळी असं डॉक्टरकडे नेण्याचं आम्हाला सुचलंही नव्हतं. तू सकाळी डबा घेऊन निघायचास. तुझी खाण केव्हाच बंद पडली होती, तिथं मातीचा डोंगर झाला होता. तू त्याच्या पायथ्याशी उभा राहून वर जायचा रस्ता शोधायचास. मी सायकलवर तुला घ्यायला यायचो. एकदा तू दांडीवर बसलास, माझ्याकडे वळून नीट पाहिलंस आणि फार अदबीनं म्हणालास, "तुमी कोन जी? माह्या पोराले ओळखता काय? तोही खाणीतच आहे." मी ओळखतो म्हटलं. "चांगला आहे जी तो," म्हणालास आणि पुढं बघू लागलास. तू शांत होतास. त्रास झाला तो मला. आता पोरगी समोर ताट ठेवते तेव्हा मी तिचं नाव मनात एकदा म्हणून घेतो, मग जेवायला लागतो.

काल तिनं विचारलं, "बाबा, भेव लागून राह्यलं काय?" मी म्हटलं, "मले कायचं भेव?" तिनं मशीन बंद केली आणि मच्छरदाणी लावून गेली. हे पत्र तुला मिळणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. तिला एवढं तोंडानं सांगायचं मला अजून जमलेलं नाही.