थापटता थापटता स्पॅनिश

३ मार्च, सोमवार
हॉटेलच्या लॉन्ड्रीत लोकांच्या घाणेरड्या चादरी धुऊन शिसारी आलीय. हॉटेलला फोनवर बुकिंग घ्यायला स्पॅनिशवाली बाई हवीय. काम घरून! म्हणजे बाळ माझ्याजवळ. नाहीतर नणंदबाई एक तारखेपासून त्याला आपल्या घरी नेणार, त्याला सांभाळायला रोज इकडे येणं त्यांना जमत नाही. नवरा म्हणतो, नेऊ दे की. बाळ त्यांनाच आई म्हणायला लागलं तर?
२१ला हॉटेलात परीक्षा. सातवी नापास असले म्हणून काय झालं? पास होणारच.

५ मार्च
स्पॅनिशचा क्लास लावला. पुस्तक मळकट, चिकट. क्रियापदं फोडायची, जोर कुठे ते सांगायचं. आ-ब्ला-मोस. आम्ही बोलतो. जोर ब्लावर. सरांची थुंकी उडते. ब्लाला जास्तच. पहिला बाक सोडला.

८ मार्च, दुपार
युक्ती सापडली! बाळाला थापटत अभ्यास. जोर असेल तिथे जोरात थाप. आब्लामोसला झोपलं. को-मे-रे, मी खाईन. मेवर थाप दिली, दचकून उठलं. पोटात गॅस असणार.

१२ मार्च
सरांचे नियम म्हणजे वैताग. शेवटी हे अक्षर तर इथे, ते तर तिथे, वर तिरकी रेघ असेल तर रेघेवर. माझा एकच नियम. मधल्यावर हाणायचं. बाळ तीनदा उठलं. गॅसचे थेंब आणले.
नणंदबाई म्हणाल्या, अगं, शेवटच्यावर रेघ दिसतेय ना, मग थाप तिथे मार की. दहावी झाल्यात, म्हणून मला शिकवणार!

१७ मार्च
रोज उजळणी करणार होते. ओल्या चादरी पिळून मनगट भरून येतं. आणि अवघड शब्दांना बाळ उठतं, म्हणून ते सोडलेच. त्याच्या तब्येतीपुढे परीक्षा काय?

२१ मार्च
वीस शब्द. थापटल्याशिवाय जोर सापडेना, म्हणून टेबल थापटलं. परीक्षेच्या मॅडम म्हणाल्या, टेबल झोपलं, आता थांबा. सहा बरोबर.
बाहेर नणंदबाईंच्या मांडीवर बाळ रडलं. त्यांनी को-मे-रे म्हणत थापटलं, रेवर जोर देऊन. लगेच झोपलं. मॅडमनी ऐकलं, त्यांनाच आत बोलावलं. अठरा बरोबर! माझंच पुस्तक वाचायच्या म्हणे दुपारी. मेलं चिकट पुस्तक.

१ एप्रिल
नणंदबाई कामाला लागल्या. म्हणाल्या, फोनवर रडणं ऐकू जातं, तुझं बाळ तूच सांभाळ बाई. सुपरवायझरबाईच्या पाया पडले. आता बाळ लॉन्ड्रीत, माझ्याजवळ, चादरींच्या गाठोड्यांत. वासाचं त्याला काही नाही.
दुपारी थापटायला बसले. को-मे-रे. मेवर हाणलं, उठलं. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. रेवर थाप दिली.
झोपलं.
गॅस नव्हताच.