ओठ दुसऱ्या महिन्यात सांधतो

पुणे, नोव्हेंबर १९७१

प्रिय रतन,

तुमच्या शेजारचे हौशीरामभाऊ सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला निघालेत, त्यांच्याच हाती हे देतेय. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. सासूबाईंसमोर उघडू नकोस, पण वाच गं बाई, शेवटपर्यंत वाच.

भाऊंनी काल सगळं सांगितलं. पोरीचा ओठ दुभंगलेला, टाळूही फाटलेली, दूध नाकातून येतं. तुझ्या सासूबाई म्हणे वलवण गावभर सांगत सुटल्यात, गिरानात इळी धरली, मंग पोरीचा ओठ फाटनारच. आणि तुलाही ते पटलंय! एक काकडी चिरलीस, एवढंच ना? सातव्या महिन्यातली बाई, भूक लागणार नाही तर काय!

माझं काम तुला ठाऊक आहे. आई म्हणायची, एवढं शिकून कोंबडीची अंडी फोडत बसते. फोडत नाही गं, कवचाला छोटी खिडकी पाडून आतलं पिल्लू घडताना बघते. त्याच्या प्रत्येक पेशीत अख्ख्या अंगाचा मजकूर असतो. आपल्या सप्त्यात कसं, प्रत्येकापुढे सबंध पोथी, पण ज्यानं त्यानं नेमलेला अध्यायच वाचायचा? तसंच. चोचीच्या जागी चोचीचा अध्याय उघडतो, पिसाच्या जागी पिसाचा, बाकीचे मिटलेले. कुठला कधी उघडायचा हे कसं ठरतं, ते आमच्या सरांनाही अजून धड उमगलेलं नाही. पण माणसाच्या बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात सांधतो, टाळू त्याच्या मागोमाग, एवढं पक्कं. तेव्हा काही वाचायचं राहिलं, की दोन कडा एकमेकींना भेटत नाहीत. ग्रहण लागलं तेव्हा तुला सातवा होता, रतन! ओठ कधीचाच घडून गेला होता. विळीच काय, कुऱ्हाड धरली असतीस तरी काही झालं नसतं.

इथल्या दवाखान्यात असे ओठ शिवतात, मी डॉक्टरीणबाईंना विचारलंय. पण त्याआधी पोर अंगानं जरा भरायला हवी. अंगावरचं दूध पिळून बोंडल्यात, त्या चोचीच्या वाटीत, घे, तिला उभी धर आणि थेंबथेंब पाज. ठसकेल, दमेल, तरी सोडू नकोस.

भाऊ काल उठता उठता हळूच म्हणाले, तू आता तिला जवळच घेत नाहीस. माझ्या पापाची पोर, जगून काय करणार, असं म्हणालीस. मी धावत आले असते गं. पण मलाही दिवस गेलेत, अजून कुणाला सांगितलेलं नाही. आधीची दोन गेली, आणि याही वेळी रक्त दिसलं, म्हणून पलंगावरून उतरायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. दुसरा महिना चालू आहे. माझ्या बाळाचा ओठ याच दिवसांत सांधतोय, आणि एवढं शिकून मी नुसती छताकडे बघत पडलेय. माझ्या हातात काही म्हणता काही नाही. तुझ्या हातात बोंडलं आहे. पाज गं तिला.

तुझीच,
हिराआक्का