रोमपर्यंतचं माझं, पुढचं विशाखाचं

२८ ऑगस्ट १९९३

पुस्तक तोडलं! सुग्रीवभाऊच्या कोयत्यानं, ओसरीत पाटावर ठेवून. विशाखानं धरलं, घाव मी घातला. ‘पाश्चात्य संस्कृती : प्राचीन काळ ते धर्मसुधारणा’. दोघींत मिळून एकच पुस्तक, तेही जुन्या बाजारातलं. ती राहते वस्तीवर, मी गावात, रोज कोण कुणाकडं धावणार? मिसर, ग्रीस, रोम माझ्याकडं. रोम बुडाल्यापासून पुढचं सगळं तिच्याकडं. दसऱ्याला सोनं वाटायचं तेव्हा अर्ध्याला अर्धं बदलायचं.

बी.ए.चा एवढा एकच पेपर राहिलाय. मार्चात दोघींचीही दांडी यातच उडाली. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार, म्हणजे हा शेवटचा चान्स. अण्णा परवाच बोलले, “ह्या खेपेला पास झालीस तर शीक पुढं. न्हाई तर कोयता धर.” गंमत नव्हती ती. अण्णा गंमत करत नाहीत.

भाऊ आल्यावर ओरडला, “उसाच्या कोयत्यानं कागद तोडलास व्हय? धार गेली की!”

९ सप्टेंबर

वस्तीवरच्या पोरांनी शाळेच्या भिंतीवर विद्यापीठासाठी मागितलेलं नवं नाव लिहिलं. हे एवढं मोठ्ठं. निळ्या रंगात.

पारावर बैठक झाली. वस्तीला गिरणी बंद, दुकान बंद, जीप बंद. अण्णा जेवताना म्हणाले, “गावाचा शब्द हाय. आपुन एकटं काय करावं?” विशाखाचा बाप आश्रुबामामा, त्याच्याकडून अण्णा दर उन्हाळ्यात घर शाकारून घेतात. जाऊ दे. आपल्याला पेपर द्यायचाय.

१३ सप्टेंबर

फॉर्म भरला एकदाचा! आज शेवटची तारीख होती. सकाळपासून जीव टांगणीला, जीप येते की नाही. आली ती रिकामीच आली. बसायला जागाच जागा! अण्णा नाल्याकडून आले, पाय चिखलानं भरलेले. स्वतः मला पुढच्या सीटवर बसवून दिलं, ड्रायव्हरला म्हणाले, “पोरीला कालिजाच्या दारात सोड.” किती दिवसांनी अण्णा असे वागले! परभणीत चिवडाही खाल्ला.

४ ऑक्टोबर

भूकंपानं सगळ्यांची झोप उडवली. अजून सगळे अंगणातच पथारी टाकतात. लातूरकडची माणसं गेली, त्यापुढं आपली परीक्षा काय, पण मेली ती पुढं ढकलली! कधी होणार, कुणीच सांगत नाही. आणि ऊसतोडीची टोळी तर दिवाळी झाली की निघणार.

१८ ऑक्टोबर

बन्सीधर मुकादम येऊन गेला. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. वहिनीला सातवा चालू आहे, ती येऊ शकत नाही, म्हणजे भाऊ राहिला अर्धा कोयता. अर्ध्याला मुकादम घेत नाही.

“बहीण हाय की घरात,” मुकादम म्हणाला. माझ्याकडं असं बघत होता, जसे बाजारात बैलाचे दात बघतात. “औंदा भावाबर येऊ द्या. पुढच्या साली तिला तिचा नवरा बघू, अख्खा कोयता व्हतो.”

अण्णा म्हणाले, “दिवाळीपातुर तिचा पेपर झाला तर बरं. न्हाई तर पेपर सोडून चलंल ती.”

चलंल ती!

रात्री रोमच वाचत होते. रोमन जमीनदार शेतातली अवजारं तीन तऱ्हेनं मोजायचे. मुकी अवजारं म्हणजे गाड्या. अर्धी बोलणारी म्हणजे बैल. आणि बोलणारी अवजारं म्हणजे गुलाम. मार्चात हे पाठ केलं होतं, उत्तरात लिहिलंही होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आज वाचता वाचता पुस्तक मिटलं.

२५ ऑक्टोबर

काल दसरा. आपट्याची पानं आणि माझं अर्धं पुस्तक पदराखाली घेऊन निघाले. देवळामागून, कुणी बघणार नाही अशी. नाल्यापाशी अण्णा उभे. बाकीचेही चार-दोन होते.

“कुठं?”

“सोनं द्यायला.”

सगळ्यांसमोर थोबाडीत बसली. लहानपणापासून कधी हात लावला नव्हता अण्णांनी. पलीकडं वस्तीच्या तोंडाशी विशाखा उभी होती, हातात तिचं अर्धं. तिनं सगळं बघितलं. मग वळून आत गेली. तिचंच बरोबर. मी काय करत होते इतके दिवस?

२६ ऑक्टोबर

अथेन्समध्ये म्हणे लोकशाही होती. बायका आणि गुलाम सोडून.

२ नोव्हेंबर

मला कॉन्स्टन्टाइनपर्यंत सगळं येतं. पिरॅमिड येतात, सॉक्रेटिसचा प्याला येतो, स्पार्टाची अशक्त पोरं डोंगरावर टाकायचे ते येतं. पुढं भिंत! सरंजामशाही म्हणजे नक्की काय? पोप आणि राजा कशावरून भांडले? ल्यूथर कोण? जर्मनीचा होता, बस. आणि धर्मसुधारणेवरचा प्रश्न सक्तीचा असतो, सर दरवर्षी सांगतात. तो सोडला की गेलं. मार्चातही तोच सोडला होता.

ताडकळसच्या बाजारात दुसरं पुस्तक मिळतंय का बघायला सांगितलं भाऊला. तो घमेलं घेऊन आला. म्हणाला, “पुस्तकं कोण इकतंय तिथं? मिरच्या इकतेत.”

१२ नोव्हेंबर

परीक्षेची तारीख आली. २३.

टोळीचा ट्रक १७ ला.

आता सांगायचं कुणाला? देवाला सांगितलं तर तो गावाच्या बाजूचा. करंज्या तळायला बसवलंय मला. हात करंज्या करतात, आणि डोळ्यांसमोर ऊस. मोळ्या, राहायला पाचटाच्या कोप्या, पहाटेचा गारठा, आणि मी. पुढच्या वर्षी नवरा. मग पोर. मग माझ्या पोरीलाही कुणीतरी मोजणार. दुपारी विहिरीच्या काठावर किती वेळ बसले होते देव जाणे. माय येऊन शेजारी बसली. माझ्या पदराचं टोक आपल्या मुठीत धरून बसली, शेळीचं दावं धरावं तसं. संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

१७ नोव्हेंबर

ट्रक आला. माझं गाठोडं मायनंच बांधलं होतं. मी रडत नव्हते, रडायचंही सरलं होतं. मुकादम ओरडायला लागला, “चढा, चढा, पालमचे कोयते वाट बघायलेत!” भाऊ चढला. मी फाळक्याला हात घातला.

मायनं माझा हात बाजूला केला आणि आपणच चढली! गाठोडं माझं नव्हतंच. तिचं होतं.

अण्णा धावले. “झुंबरे, खाली उतर! तुह्यानं मोळी उचलंल का आता?”

“न्हाई उचलली तर वढीन,” माय वरून म्हणाली. मुकादमाला म्हणाली, “मोज. झाला का अख्खा कोयता?”

मला एवढंच म्हणाली, “वहिनीला तूप घालून दे. आन् वाच.”

तिच्या डाव्या खांद्यातून हात वर जात नाही. सगळ्या घराला माहीत आहे. ट्रक गेला.

१९ नोव्हेंबर

अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. वहिनीशी बोलतात, मला ऐकू येईल असं. “मायला उसात घालून पोरगी सायबीण व्हायली.”

माय, तू चढलीस खरी, पण माझ्याकडं पुस्तकच अर्धं आहे! हे तुला कसं सांगायचं राहिलं?

२३ नोव्हेंबर

हात दुखतोय, तरी लिहिते. सगळं लिहिते.

कसला तरी बंद होता. जीप नाही, एसटी नाही. तांबडं फुटताच निघाले, पिंगळीला जाऊन आगगाडी धरायची म्हणून. अण्णा खाटेवर जागे होते. अडवलं नाही. चलही म्हणाले नाहीत.

नाल्याच्या पलीकडं विशाखा! धुतलेलं पातळ, डोक्याला तेल. हात रिकामे.

“चल,” म्हणाली. “मलाबी परभणीलाच जायचंय.”

“पुस्तक?”

“शाळेतल्या एका पोरीला देऊन टाकलं. मला तोंडपाठ हाय. आदी तुव्हं सांग, मग मी सांगते. फुकट न्हाई द्यायची.”

मग मी सुरू केलं. कापसाच्या, तुरीच्या कडेनं, चपला हातात. मिसर सांगितला, ग्रीस सांगितला. ती मधेच अडवायची, “थांब, त्या स्पार्टाचं पुन्यांदा सांग.” बोलणारी अवजारं सांगितली तेव्हा म्हणाली, “आमाला तर बोलूबी देत न्हाईत.” मी गप्प झाले. ती म्हणाली, “गप का झालीस? तुह्या बापानं आमची गिरणी बंद केली तवाबी गपच व्हतीस. आता तरी बोल. रोम राहिलाय.”

रोम संपला तेव्हा निम्मी वाट सरली होती. मग ती. काय सांगते ही पोरगी! पोप, सरंजामदार, धर्मयुद्धं. पापं माफ केल्याची पत्रं विकायचे ते. आणि ल्यूथर. “त्यानं चर्चच्या दारावर कागद लावला. आमच्या पोरांनी शाळेच्या भिंतीवर लिव्हलं ना, तसंच.” मग हसली. “त्याचीबी गिरणी बंद केली असंल.” पुढं छापखाना आला, लोकांच्या बोलीतला धर्मग्रंथ आला, आणि ज्याला त्याला आपल्या डोळ्यांनी वाचता यायला लागलं. पिंगळीच्या फलाटावर बसून तिनं माझ्याकडून सगळं परत म्हणवून घेतलं. चुकले की दंडाला चिमटा.

कॉलेजच्या फाटकात म्हणाली, “माहा हॉल तिकडं हाय. तू जा.”

सक्तीचा प्रश्न — ‘धर्मसुधारणेची कारणे व परिणाम लिहा’! लिहीत सुटले. प्रत्येक ओळ तिच्या आवाजात येत होती. पुरवणी मागितली, आयुष्यात पहिल्यांदा! बाहेर आले तर ती लिंबाखाली बसलेली, आधीच.

“कसा गेला?”

“गेला,” म्हणाली. येताना फारसं बोलली नाही. दमली असेल.

२० डिसेंबर

वहिनीला मुलगी झाली. मायचा निरोप आला टोळीतून — खांदा सुजलाय, पण कोयता अख्खा आहे.

१५ जानेवारी १९९४

विद्यापीठाला नवं नाव मिळालं. रेडिओवर ऐकलं. वस्तीवर रात्रभर डफडी वाजत होती. गावात दारं लावून घेतली लोकांनी. आमचंही लावलं.

५ फेब्रुवारी

पास! पुडीभर साखर घेतली आणि थेट वस्तीवर गेले. अण्णांच्या देखत. अडवायची हिंमत त्यांनाही झाली नाही.

“तुझा निकाल?”

विशाखा पीठ चाळत होती. “मी बसलेच कवा? फॉर्मच्या शेवटल्या दिशी नाल्यावर आमाला जीपमधून उतरीवलं. तुव्हे अण्णाच पुढं व्हते. ती रिकामी जीप मग तुला घ्यायला गेली.”

कसंबसं विचारलं, मग तेवीसला माझ्याबरोबर आलीस कशाला?

“सगळं पाठ झालं व्हतं ना गं. कुणाला तरी एकदा सांगावं वाटलं.”

गुणपत्रिकेवर विद्यापीठाच्या नव्या नावाचा शिक्का आहे. तिला दाखवायलाच नेली होती. पदराखालून काढली नाही.