रेंज नसलेल्या जागा

अहो,

रागातला नमस्कार. मी खुशाल आहे, तुमची मात्र खात्री नाही.

बेट छान आहे. परवा कासवांचा किनारा झाला, काल तळाला काच असलेल्या होडीतून प्रवाळ पाहिले, आज धबधबा. तुम्ही ऐनवेळी ऑफिसचं काम काढून मागे राहिलात, म्हणून लेक माझं फार मन रमवतेय. फक्त ती निवडते त्या एकाही जागी फोनला रेंज नसते. खोलीवर तुमचा फोन आला की आधी स्वतः बाहेर नेऊन बोलते, मग हसत माझ्या हातात देते. इतकी गोड ती लहानपणीही नव्हती.

कुंड्यांना पाणी घालता ना?

काल व्हिडिओवर तुम्ही चहाचा कप उचललात, तेव्हा बोटात अंगठी नव्हती. साबण, तेल, सगळं करूनही सव्वीस वर्षं न निघालेली अंगठी! आधी वाटलं, या वयात थेरं सुचली की काय. मग माझं ऑपरेशन आठवलं. नर्सनं माझ्या बांगड्या उतरवून तुमच्याकडे दिल्या होत्या आणि तुम्ही त्या मुठीत धरून दिवसभर बाहेरच्या बाकावर बसला होतात.

फोनवर विचारलं तर हसून उडवाल, म्हणून हे पत्र आज परतणाऱ्या शेजारच्या खोलीतल्या बाईंकडे देतेय. लेकीला न सांगता तिकीट बदललंय. परवा सकाळी पोचते.

डॉक्टरांना थांबायला सांगा. बाकावर बसायची पाळी आता माझी आहे.

तुमचीच,
संशयी